फ्रेंच राज्यक्रांती, पंचांसमक्ष

एका गावात एक हायस्कूल होतं आणि त्या हायस्कुलात एक भोळा शिपाई होता. कागदोपत्री शिरपती, सगळे म्हणायचे शिरपा. गावात भोळी माणसं आणखीही होती, पण ती सांगितलेलं विसरायची, त्यामुळे कुणाचं फारसं बिघडत नसे. शिरपा विसरत नसे. एकदा सांगितलेली गोष्ट त्याच्या डोक्यात कायमची जाऊन बसायची, आणि पुढे जो पहिला प्रसंग येईल त्याला तो ती लावायचा. प्रसंग कोणता आहे हे बघायची त्याला सवय नव्हती.

सतरा वर्षं त्यानं शाळेची घंटा दिली, व्हरांडे झाडले आणि साहेब आले की हातात ट्रे घेऊन दाराशी उभा राहिला. मग शाळेचे कारकून निवृत्त झाले. हेडसरांनी त्याला बोलावलं.

"शिरपा, तू दहावी पास आहेस. खात्याची परीक्षा दे. पास झालास तर कारकुनाची जागा तुझी. पण पंचेचाळीस पूर्ण झाली की बसू देत नाहीत. म्हणजे तुला ही पहिली आणि शेवटचीच."

शिरपानं घरी जाऊन बायकोला सांगितलं. हौसा भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

"सतरा वरसं हुबं ऱ्हायलासा," ती म्हणाली. "आता खुर्चीवर बसायचं. कायबी करा, पर पास व्हा."

शिरपा 'बरं' म्हणाला. हौसाला त्या दिवशी तव्यावरची भाकरी करपल्याचंसुद्धा वाईट वाटलं नाही.

परीक्षेत बाकी सगळं सोपं होतं. एकच पेपर जड होता : 'जगातील राजकीय संघर्ष व सामाजिक बदल'. शाळा सोडल्याचे दाखले लिहिणाऱ्या माणसाला फ्रान्सच्या राजाशी काय करायचं आहे, हे कुणी विचारलं नाही. वरून आलेल्या कागदाला असं काही विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

शिकवायचं काम गोटखिंडे सरांनी आपणहून अंगावर घेतलं. सर तीस वर्षं इतिहास शिकवत होते आणि तीस वर्षं पोरं त्यांच्या तासाला पेंगत होती. शिरपा मात्र डोळे फाडून ऐकायचा. सरांना वाटलं, आयुष्यात एक तरी विद्यार्थी मिळाला. बिचारे सर.

पहिल्या आठवड्यानंतर सरांनी विचारलं, "पहिलं महायुद्ध का झालं?"

"एका पोरानं युवराजाला गोळी घातली, सर."

"हे तात्कालिक कारण झालं. असं एकदम टोकाला जायचं नाही. कुणी 'का' विचारलं की तीस-चाळीस वर्षं मागे जायचं. जुनी कारणं आधी, मुद्दे पाडून, सावकाश. तात्कालिक कारण सगळ्यात शेवटी. लक्षात राहील?"

"ऱ्हाईल की."

राहिलंच.

दोन दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, पोषण आहाराच्या खोलीतून धूर यायला लागला. हेडसर ऑफिसच्या दारात आले. शिरपा समोरच उभा होता.

"शिरपा, धूर का येतोय रे?"

शिरपानं हात मागे बांधले.

"मुद्दा पहिला. ही खोली बांधली त्याला छत्तीस वरसं झाली. तवा गावात दोन पार्ट्या हुत्या. एकीला कौलं पायजे हुती, दुसरीला पत्रा. शेवटाला गवताचं छप्पर घातलं."

"अरे, पण धूर…"

"मुद्दा दुसरा. पुढं पत्रा आला, पर जुनं गवात कुणी काढलंच न्हाई. त्ये आतनं तसंच हाय. मुद्दा तिसरा, सैपाक करणाऱ्या दोघी बायकांचं पटत न्हाई. एक जळाण आत सारती, दुसरी बाहीर वडती. असा असंतोष बरीच वरसं धुमसत हुता."

हेडसरांना वाटलं, एवढं निवांत सांगतोय म्हणजे काही विशेष नसेल. ते परत आत जायला वळले.

"मुद्दा चौथा, तात्कालिक कारण," शिरपा म्हणाला. "आत्ता मघाशी रिकाम्या पोत्यानं पेट घेतला."

तोवर पोतंही गेलं होतं आणि छत्तीस वर्षांचं गवतही. खिचडीचा दगडी कोळसा झाला. माणसं बाहेर पडली होती, एवढंच नशीब. पोरांना त्या दिवशी दोन-दोन बिस्किटं मिळाली आणि ती खूश झाली. हेडसर काही खूश झाले नाहीत.

"गाढवा," ते म्हणाले, "कारणं कुणाला हवी होती? पुन्हा असं कुणी 'का' म्हणून विचारलं तर आधी बादलीभर पाणी ओतायचं. मग तोंड उघडायचं. समजलं?"

"समजलं."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत गोटखिंडे सर स्टाफरूममध्ये बसले होते. पुढ्यात नववीचे तपासलेले पेपर. अंगात पांढरा शर्ट, कारण संध्याकाळी भाचीचा साखरपुडा होता.

"ये शिरपा, उजळणी करू. फ्रान्समध्ये राज्यक्रांती का झाली?"

शिरपा काही न बोलता बाहेर गेला. सरांना वाटलं, आठवायला गेला. शिरपा भरलेली बादली घेऊन आला आणि त्यानं ती सरांच्या डोक्यावर उपडी केली. मग बादली खाली ठेवून, हात मागे बांधून तो बोलायला लागला. राजाचा खर्च, गरिबांवरचे कर, सरदारांना माफी, पावाचा वाढलेला भाव, रिकामी तिजोरी. एकही मुद्दा सुटला नाही. सरांच्या नाकावरून पाणी ठिबकत होतं. असं उत्तर त्यांना तीस वर्षांत कुणी दिलं नव्हतं, म्हणून त्यांना नीट रागावताही येईना.

नववीच्या पेपरांची शाई वाहून गेली होती. कुणाला किती मार्क होते ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून सगळ्यांना पास केलं. त्या वर्षी नववीचा निकाल तालुक्यात पहिला आला.

सरांनी टॉवेलानं डोकं पुसलं आणि शांतपणे सांगितलं, "शिरपा, तू काहीसुद्धा करत जाऊ नकोस. इतिहास शिकणाऱ्यानं मधे पडायचं नसतं. भांडण दिसलं की बाजूला उभं राहायचं. दोन्ही बाजूंचं ऐकायचं आणि जसंच्या तसं लिहून ठेवायचं. आपलं माणूस, परकं माणूस, असा भेद करायचा नाही."

"म्हंजे कुणाची बाजू घ्यायची न्हाई?"

"अजिबात नाही."

शिरपानं खिशात एक वही ठेवायला सुरुवात केली.

शिरपाच्या गल्लीत एकच नळ. एक दिवसाआड, अर्धा तास पाणी. रीत अशी होती की पहाटे ज्यानं त्यानं आपली घागर ओळीत लावून यायची आणि घरी जाऊन कामाला लागायचं. माणसाच्या जागी घागर उभी. घागर मागे सारणं म्हणजे माणसालाच ढकलण्यासारखं, आणि त्यावरून गल्लीत दोन-दोन वर्षं अबोले चालायचे.

त्या गुरुवारी पाणी आलं तेव्हा हौसाची पहिली घागर पाचवी झालेली होती. पहिल्या जागी शेजारच्या बायजाक्काची होती. दोघींची जुंपली. गल्ली गोळा झाली. हौसानं इकडं तिकडं पाहिलं तर नवरा बाजूला, भिंतीपाशी उभा, हातात वही-पेन्सिल.

"अवो, पहाटं तुमीच लावली न्हवं माझी घागर? सांगा की हिला."

"दम धर," शिरपा म्हणाला. "दोनी बाजू लिवून हुंद्यात."

त्यानं लिहिणं पुरं केलं आणि मोठ्यानं वाचलं. "पक्ष पहिला, हौसा. घागर पहिली लावली हुती. हे खरं हाय."

"बघा," हौसा म्हणाली.

"पक्ष दुसरा, बायजाक्का. मागल्या मंगळवारी हौसानं तिची घागर मागं सारली हुती. हेबी खरं हाय, मी सोता बघितलंय. शिवाय बायजाक्काच्या सासूबद्दल हौसा घरात जे बोलती…"

"काय बोलती?" बायजाक्कानं विचारलं.

शिरपानं पान उलटलं आणि तेही वाचलं. त्यानं एक शब्द गाळला नाही.

पुढे जे झालं त्यात तीन घागरींना पोचे आले, बायजाक्काच्या बांगड्या फुटल्या आणि हौसाचा अंबाडा सुटला. सासूबाई नव्वदीच्या, पण त्याही काठी घेऊन आल्या. अर्धा तास संपला, नळ गेला, गल्लीत कुणालाच पाणी मिळालं नाही. शिरपानं तीही नोंद केली.

त्या वर्षी गावाचं नाव तंटामुक्त गावाच्या बक्षिसाला गेलेलं होतं. एकसुद्धा भांडण उघडं राहून चालणार नव्हतं. संध्याकाळीच तंटामुक्त समितीचे अध्यक्ष आबा यांनी दोघींना चावडीत बोलावलं, मधे सतरंजी घातली आणि तासाभरात प्रकरण मिटवलं. हौसानं एक पाऊल मागं घ्यायचं, बायजाक्कानं एक पाऊल मागं घ्यायचं. कागद झाला, दोघींचे अंगठे झाले, दोन पंचांच्या सह्या झाल्या, चहा झाला.

मग आबांनी शिरपाला जवळ घेतलं. आबा म्हणजे समंजस माणूस. त्यांनी आवाज चढवला नाही.

"लेका शिरपा, भांडण कदी लिवून ठेवायचं नसतं. मिटवायचं असतं. कुणाचं चुकलं ह्यो इषयच काढायचा न्हाई. दोघांनी एकेक पाऊल मागं घ्यायचं, समेटाचा कागुद करायचा, दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या. आन् एकदा मिटलं की मिटलं. कुणी कितीबी कोरून इचारलं तरी पुन्ना त्यो इषय तोंडातनं काढायचा न्हाई."

"कोणतंबी भांडण?"

"कोणतंबी," आबा म्हणाले. आबांना परीक्षेचं काहीच माहीत नव्हतं. त्यांचा यात काडीचाही दोष नाही.

हौसा तीन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. परीक्षेच्या सकाळी मात्र तिनं त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवली. तिला माहीत होतं की घर झाडताना, नळावर, गोठ्यात, हा माणूस सारखा मुद्दे म्हणत असतो. दुसऱ्या महायुद्धाची तर त्याला एकोणीस कारणं पाठ होती. ऐकून ऐकून तिला स्वतःला बारा यायला लागली होती.

"आता समदं तुमच्या हातात हाय," ती म्हणाली.

तालुक्याच्या शाळेत परीक्षा होती. एका खोलीत चाळीस जण. पर्यवेक्षक म्हणून एक बाई होत्या, त्यांना सकाळपासून सह्या करून करून हात दुखत होता. शिरपानं पेपर हातात घेतला आणि वाचला. फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं. तिचे परिणाम. पहिल्या महायुद्धाला जबाबदार कोण? दुसऱ्या महायुद्धाची कारणं सविस्तर लिहा. सगळं येत होतं. आनंदानं त्याला घाम फुटला.

त्यानं लिहायला घेतलं. दीड पान झालं. अक्षर मोत्यासारखं. राजाचा खर्च झाला, गरिबांवरचे कर झाले, आणि पावाच्या भावाशी आल्यावर त्याचा हात अडखळला. हे काय चाललंय आपलं? हे तर भांडण आहे. आपण ते लिहून ठेवतोय. वर कुणाचं चुकलं तेही काढतोय.

त्यानं त्या दीड पानावर दोन तिरक्या रेघा मारल्या आणि खाली नव्यानं सुरुवात केली.

'तंटा क्रमांक एक. पक्ष पहिला : फ्रान्सचे राजेसाहेब. पक्ष दुसरा : फ्रान्सची समस्त जनता. राजेसाहेबांनी घरातल्या खर्चाला आळा घालावा. पावाचा भाव गावच्या कमिटीनं ठरवून द्यावा. जनतेनं तुरुंग फोडू नये, फोडला असल्यास श्रमदान करून बांधून द्यावा. कुणाचं चुकलं हा विषय काढलेला नाही. दोन्ही पक्षकार मयत असल्यामुळे सह्या नाहीत.'

दुसरा प्रश्न, राज्यक्रांतीचे परिणाम. त्यानं लिहिलं, 'तंटा मिटल्यामुळे परिणाम झाले नाहीत.'

तिसऱ्या प्रश्नाला वेळ लागला. महायुद्धात पक्ष फार होते. त्यांची नावं लिहिण्यातच पान संपलं आणि पुरवणी मागावी लागली. ठराव मात्र सोपा होता. 'सर्व देशांनी एकेक पाऊल मागं घ्यावं. ज्यांच्या मागं समुद्र आहे त्यांनी बेतानं घ्यावं.' खाली त्यानं 'पंच' असं लिहून पुढे रेघ ओढली आणि बाईंना हाक मारली.

"बाई, हितं एक सही."

पुरवणीवर सही करायचीच असते. बाईंनी वाचलं नाही, केली. दुसऱ्या पंचासाठी शिरपानं पुढच्या बाकावरच्या माणसाला खुणावलं, पण तो दचकून आपलाच पेपर झाकून बसला. 'एक सही बाकी,' शिरपानं कडेला टीप लिहिली.

उरला चौथा प्रश्न. याला सगळ्यांत जास्त मार्क होते. एकोणीस कारणं त्याच्या जिभेवर होती. त्यानं क्षणभर विचार केला आणि एकच ओळ लिहिली : 'पहिलं मिटलं, त्यामुळे दुसरं झालं नाही.'

तास शिल्लक असताना तो बाहेर पडला. हौसा आणि सर फाटकाशी झाडाखाली बसले होते.

"कसा गेला?" सरांनी विचारलं.

"एकबी प्रश्न शिल्लक ठिवला न्हाई, सर."

सर खूश झाले. हौसानं पदराच्या गाठीचं पेढ्याचं पुडकं सोडलं. पेढे त्यांनी तिथंच खाल्ले, हे एक बरं झालं.

महिन्याभरानं पेपर जिल्ह्याच्या साहेबांच्या टेबलावर गेला. साहेबांनी तो वाचला, मग मोठ्यानं वाचला, मग शेजारच्या टेबलावरच्यांना बोलावून वाचून दाखवला. ऑफिसात त्या दिवशी काही काम झालं नाही. पण साहेब मनानं चांगले होते. रेघा मारलेलं दीड पान त्यांनी नीट वाचलं आणि ते हसायचे थांबले. या माणसाला सगळं येतंय, हे त्यांच्या लक्षात आलं. एवढ्या हुशार माणसाची जागा अशी जावी, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी शिरपाला बोलावून घेतलं.

सर आणि हौसा दाराबाहेरच्या बाकावर बसले. हौसानं बाकाची कड घट्ट धरली होती. आत काय बोलतात ते सगळं ऐकू येत होतं.

"हे बघा शिरपती," साहेब म्हणाले, "पेपरात तुम्हाला शून्य आहे. पण तोंडी परीक्षा घ्यायचा मला अधिकार आहे. मी एकच प्रश्न विचारतो. नीट सांगितलंत तर इथंच पास करतो आणि कारकुनाची ऑर्डर आजच काढतो. दुसरं महायुद्ध का झालं?"

बाहेर हौसाचे ओठ हलायला लागले. पहिलं कारण, दुसरं कारण. सरांनी डोळे मिटले.

आत शिरपा साहेबांकडं बघत राहिला. एवढा मोठा साहेब, पण कोरून विचारतोय, याचं त्याला नवल वाटलं. त्यानं हात जोडले.

"साहेब, मिटलंय त्ये. कशाला पुन्ना इषय काढताय?"

"अहो, मला माहितीये मिटलंय. ते का झालं, एवढंच सांगा. एखादं तरी कारण सांगा."

"कुणाचं चुकलं त्ये मी काढणार न्हाई. गावात माझं नाव खराब हुईल."

"शिरपती, एक कारण. फक्त एक. मी पास करतो तुम्हाला."

"झालंच न्हाई, साहेब," शिरपा समजुतीच्या सुरात म्हणाला. "पहिलं मिटवल्याचा कागुद तुमच्या म्होरंच हाय. सरकारी बाईंची सही हाय त्याच्यावर. तुमीबी एक पाऊल मागं घ्या."

साहेबांनी पुरवणी उलटून पाहिली. सही खरी होती. त्यांनी लाल पेन उघडलं, बाईंच्या सहीखाली 'नापास' असं लिहिलं आणि त्याखाली आपली सही करून तारीख घातली.

शिरपा वाकून बघत होता. त्यानं साहेबांना मनापासून नमस्कार केला आणि तो बाहेर आला. एवढा आनंदी तो घंटेच्या सतरा वर्षांत कधी दिसला नव्हता. हौसा धडपडत उठली.

"काय झालं वो? सही केली साहेबानं?"

"केली की," शिरपा म्हणाला. "दुसरा पंच मिळत न्हवता न्हवं, त्यो साहेबच झाला."